बांधावरचे खेकडे आणि भाऊजींची बाटली

मु. बेडसे, ता. मावळ
श्रावण शुद्ध दशमी

तीर्थस्वरूप भागुबाई वन्संना,

नंदाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळं निम्म्यातूनच वर आले, राग मानू नये). तुमचा गुडघा कसा आहे? जावईबापूंनी आणलेलं तेल चोळता, की बाटली खिडकीत ठेवून नुसती बघता? इकडं सगळे बरे आहेत. म्हैस व्यायली, रेडकू झालं, तेही नर. तुमचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे भिमाजी भाऊजी, ठणठणीत आहेत, इतके की बांधावर बोलले तरी वर लेण्यांत ऐकू जातं. तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना हिला लिहायची हौस कशाला. पण फोनवर तुम्ही स्पीकर लावता. मग मी इथं बोललेलं तुमच्या सगळ्या घराला कळतं, आणि तुमची सून ते दिवेलागणीच्या आत आमच्या जाऊबाईंना कळवते. कागदाला स्पीकर नाही, म्हणून कागद.

तर सांगायचं म्हणजे गावानं मला मास्तरीण केलं आहे. पुण्याच्या एका संस्थेतून अनघाताई नावाची मुलगी येते. विषारी औषधं न मारता भातावरची कीड कशी आवरायची, हे शेतकऱ्यांना शिकवायचं तिचं काम. ती येणार नाही त्या आठवड्यात ते मी करायचं. मुलगी गुणाची आहे, चिखलात उतरते, पायाला जळू लागली तरी वर्ग मधेच सोडत नाही. माझी निवड कशी झाली म्हणाल, तर पहिल्या बैठकीत तिनं कागद वाटले, तेव्हा बायकांत मी एकटीनंच तो सुलटा धरला होता. तुम्हाला ठाऊक आहे, मी वाचायला शिकले ती ह्यांच्या आजारपणात, हॉस्पिटलच्या बाकावर. गोळ्यांची वेष्टनं, भिंतीवरच्या पाट्या, वडापावचा कागद, जे दिसेल ते अक्षर अक्षर लावून ह्यांना वाचून दाखवायचे. त्यांना ते वाचता येत होतंच, पण मुद्दाम म्हणायचे, "पुढं काय लिवलंय?" आता पुढचं माझं मी वाचते. हा आजार फवारणीनं झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणत नाही. पण पाठीवरचा पंप मी भंगारात घातला, आणि तेव्हापासून आपल्या खालच्या खाचरात औषध गेलेलं नाही.

वर्गात काय काय झालं ते सगळं लिहीत बसले तर कागद पुरायचा नाही. एकच सांगते. अनघाताईंनी सांगितलं की शेतात काठ्या रोवून वर आडवी काठी बांधा, म्हणजे कोतवाल पक्षी तिथं बसेल आणि अळ्या टिपेल. सगळ्यांनी काठ्या रोवल्या. कोतवाल आले, बसले, टिपायलाही लागले. मग सीतारामआबांनी त्याच काठीवर धोतर वाळत घातलं (ऐंशीच्या पुढचा माणूस, पण उन्हाची तिरीप दिसली की धोतर घेऊन धावतो). पाखरं ओढ्यापलीकडं गेली. मी म्हटलं, आबा, ती पाखरांची जागा आहे. तर म्हणाले, "धोतार काय पाखरास्नी खातंय व्हय? बसत्याल की शेजारी."

आता मुख्य विषय, म्हणजे खेकडे. यंदा लावणी झाल्याबरोबर खेकड्यांनी डोकं वर काढलं. कोवळी रोपं बुडातून कापतात आणि बांध असे पोखरतात की आज भरलेलं खाचर उद्या कोरडं. आपल्या बांधाचं तुम्हाला माहीत आहे. वर भाऊजींचं खाचर, खाली माझं, मधला बांध दोघांचा. बाकीचे लोक भातात विष कालवून बिळात घालतात. आमच्या वर्गात त्याला दुसरा उपाय आहे. जमिनीत मडकं तोंडापर्यंत पुरायचं, आत वासाचं खाद्य ठेवायचं, खेकडा आत पडतो आणि गुळगुळीत मडक्यातून त्याला वर येता येत नाही. सोपं आहे. वर्गाची तारीख काढायचं काम माझ्याकडं होतं. मी विचार केला, सगळे पुरुष घरी सापडतील असा दिवस पाहिजे, आणि मोठ्या हुशारीनं नागपंचमी काढली.

माणसं आली, अगदी भरपूर आली, कारण त्या दिवशी नांगर नाही, कुदळ नाही, विळा नाही, कुणाला काही कामच नाही. मडकी मांडली. मी म्हटलं, आता खड्डा घ्या. कुणी हलेना. मला वाटलं, बाईचं कशाला ऐकायचं म्हणून उभे आहेत. मग सीतारामआबा खाकरले आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, आज माती उकरायची न्हाई. आन बिळात आत कोन हाय ते तर आज इचारायचंबी न्हाई." माझ्या हातात मडकं तसंच. सकाळी मीच भिंतीवर नागोबा काढून, लाह्या-दूध ठेवून आले होते, आणि तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. भाऊजी बांधावर उभे होते. ते म्हणाले, "आसू द्या वैनी. मडकी वरच ठेवा, खेकडं जिना चढून येत्याल." लोक हसले. मीही हसले, नाहीतर काय करणार.

दुसऱ्या दिवशी मडकी पुरली. आता आत वासाचं खाद्य पाहिजे, आणि खेकड्याला सुकटीइतका दुसरा वास आवडत नाही. पण श्रावणात सुकट कुणाच्या घरात सापडणार? हा वर्ग आठवडाभर आधी घेतला असता, तर गटारीला सगळं गाव आपणहून खेकड्यांवर तुटून पडलं असतं आणि मला शिकवायलाही लागलं नसतं. शेवटी कामशेतला गेले, ताजुद्दीनभाईंकडं. त्यांचं कोंबडीचं दुकान तुम्हाला आठवत असेल, ह्यांचे ते जुने दोस्त. हसिनाभाभींनी पिशवी भरून सुकट दिली, वर चहा दिला, आणि ह्यांची आठवण काढून थोड्या रडल्या. मी रडले नाही, कारण पुढं वडापची जीप गाठायची होती.

वडापात बायका देवळातून आलेल्या, निम्म्या उपवासाच्या. पिशवी मी मांडीवर घेऊन वर पदर टाकला होता, पण सुकटीला पदराचं काय. पहिल्या वळणावर एकीनं नाकाला हात लावला, दुसऱ्या वळणावर सगळ्यांनी. "कुनाच्या पिशवीत काय हाय वो?" मी म्हटलं, औषध आहे. "कसलं औषाद?" म्हटलं, खेकड्यांचं. पुढच्या बाकावरची म्हातारी वळून काळजीनं म्हणाली, "का, खेकड्यास्नी काय झालंय?" मी बेडशाच्या अलीकडंच उतरून चालत आले.

उपाय मात्र लागू पडला, वन्सं. सकाळी मडकी उघडली तर खेकडे एकमेकांच्या अंगावर. लोकांचे चेहरे खुलले आणि लगेच उतरले, कारण श्रावण. खायचे नाहीत, मारायचे तर त्याहून नाहीत. एकजण म्हणाला, ओढ्यात सोडू. सोडले असते तर ते संध्याकाळी आपापल्या बिळात जेवायला परत आले असते. मग मी ताजुद्दीनभाईंना फोन केला. ते म्हणाले, "वैनी, श्रावणात दुकानात मी नुसत्या माश्या हाकतोय. लोनावळ्याला पाहुनं लय हाइत, त्येंना कुटला श्रावन? द्या, हायत तेवढं द्या." टेम्पो घेऊन आले, खेकडे घेतले, आणि भाव असा दिला की उपवासाची माणसंही डोळे मिटून नामस्मरण करायची थांबली.

इथं माझं गणित पुन्हा चुकलं. कीड विकली जाते म्हटल्यावर तिला कीड कोण म्हणणार? मडक्यात पडेपर्यंत थांबायला कुणी तयार होईना. लोक पहारी घेऊन बांध उकरायला लागले. खेकड्यांनी महिन्याभरात पोखरला नसता एवढा बांध माणसांनी एका दुपारी पोखरला. आणि त्यात पुढं कोण, तर सीतारामआबा. मी म्हटलं, आबा, तुमचा श्रावण? म्हणाले, "खायला श्रावन आसतो, इकायला कुटं आसतो?" त्यांनी बरोबर आपल्या मधल्या बांधावरच पहार चालवली. भाऊजींचं खाचर रिकामं झालं. सगळं पाणी माझ्या खाचरात उतरलं, आणि त्याच्याबरोबर त्यांनी आदल्या दिवशीच टाकलेला युरियाही. म्हणजे माझं बिनऔषधी, बिनखती वर्गाचं खाचर आता आठवड्याभरात गावात सगळ्यांत हिरवंगार दिसणार, आणि अनघाताई त्याचा फोटो काढणार. (मी त्यांना फोनवर खरं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, फोटो शेजारच्या खाचराचा काढू.)

भाऊजींचा राग मी समजू शकते. कुणाच्याही खाचराचं पाणी गेलं तर तो रागावणारच. ते ओरडले असते तर मी ऐकून घेतलं असतं, पण ते ओरडले नाहीत. सरळ कामशेतला गेले, बाटली घेऊन आले आणि त्यांच्या ओट्यावर माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "ह्यो माजा मास्तर. एका दिसात समद्यास्नी पास करतो."

मी बाटलीवरचं वाचून दाखवलं. जनावरांना, कोंबड्यांना, माशांना विषारी. पाण्याच्या जवळ वापरू नये. म्हटलं, आपला बांध ओढ्याला लागून आहे, खाली माझी म्हैस पाणी पिते, तुमच्या गाई पितात. भाऊजी म्हणाले, "वैनी, तुमी वाचता म्हून तुमाला भ्या वाटतं. आमी वाचत न्हाई, आमाला कुटं काय हुतंय?"  कुणाला काय झालं, ते दोघांच्याही मनात एकदमच आलं. भाऊजी जमिनीकडं बघत होते. तसेच म्हणाले, "पुनवंपातूर थांबतो. सनाच्या तोंडाला हत्या नगं. मंग मातूर मला आडवू नका."

तेव्हापासून मी मला जमेल ते करते आहे. बांध बुजवून घेतला, माझ्या पदरचा गडी लावून. ताजुद्दीनभाईंनी जाहीर करून टाकलं की नांगी तुटलेला खेकडा घेणार नाही, लोणावळ्याचे पाहुणे अख्खा मागतात. पहारीनं निघालेल्याची नांगी तुटतेच, तेव्हा उकरणं आपोआप थांबलं आणि मडक्यांचे दिवस आले. बिळं रोज कमी दिसतात. भाऊजींनाही दिसतात, पण त्यांनी बाटली एकदा ओट्यावर ठेवली आहे, आणि ती माझ्या सांगण्यावरून उचलली तर गाव म्हणेल, भावजयीनं गुंडाळला. बांध दोघांचा आहे, त्यांना अडवायचा मला हक्क नाही. एकदा ते विष बिळात गेलं की वर्गाचं काय व्हायचं ते होवो, पण ओढ्याचं पाणी मला जनावराला पाजवणार नाही.

बाकी विशेष काही नाही. मुलांना आशीर्वाद. तेल चोळत जा.

तुमची,
नंदा

ता. क. विशेष काही नाही असं वर लिहिलं आहे, ते खरं नाही. दोन वर्षं तुम्ही राखी टपालानं पाठवता, यंदा स्वतः या. वडगावपर्यंत एसटीनं या, तिथं मी रिक्षा घेऊन उभी राहते, गुडघ्याला पायरीसुद्धा चढायला लागणार नाही. भाऊजींना ओवाळा, आणि ओवाळणीत साडी नको, पैसे नकोत, ती बाटली मागा. बहिणीच्या ताटापुढं त्यांनी आजवर नाही म्हटलेलं नाही. एका वर्षी तुम्ही थट्टेनं दावणीची शेळी मागितली होती, तर त्यांनी ती एसटीत तुमच्याआधी चढवली. बहिणीला दिली म्हटल्यावर गावही बोलणार नाही. दुकानदाराला मी विचारून ठेवलं आहे, सील तुटलेलं नसेल तर तो परत घेईल. सील शाबूत आहे, मी रोज जाऊन बघते.

ता. क. दुसरा. तुम्ही का येत नाही ते मला कळतं. दोन पाट मांडायची सवय, आणि आता एकच. पहिल्या वर्षी तुमच्या पाकिटातून दोन राख्या निघाल्या होत्या. हातून चुकून गेली असेल, म्हणून मी तेव्हा काही विचारलं नाही. ती माझ्याकडं आहे. तुम्ही आलात तर आपण दोघी ठरवू तिचं काय करायचं.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात भाऊजी आले. ते वडगावला निघाले आहेत, पोस्टात तेच टाकणार. मला विचारलं, "आक्काला येवढं काय लिवलं?" म्हटलं, खेकड्यांचं लिहिलं. तर म्हणाले, "त्येच्यात लिवा, म्हनावं यंदा ये. टपालाची राखी एका हातानं बांधाया जमत न्हाई. दोन वर्सं दातानं गाठ मारतोय, सांजच्याला सुटती." हे त्यांचं आहे तसं लिहिलं. बाटलीचं मागणं आहेच, पण ते नंतर मागा. आधी गाठ घट्ट मारा.