पावडरीची बासुंदी

रहिमतपूर, मंगळवार

ती. स्व. हरणाआक्का हिस धाकट्या नाथाजीचा दंडवत.

आम्ही इकडं तब्येतीनं बरे आहोत, मनानं नाही. दाजींचा गुडघा आता वाकतो का? (फोनवर तू "आला, कालच आला" म्हणालीस, पण ते बहुधा गॅस सिलिंडरविषयी असावं.) पत्र लिहायचं कारणही तेच. तुला फोनवर कमी ऐकू येतं, आणि ही गोष्ट आळीभर ऐकू जाईल अशी ओरडून सांगण्यासारखी नाही.

पलटणीतून पेन्शनीत आल्यापासून आमचं स्वयंपाकघर माझ्याकडं आहे, हे तुला माहीत आहे. तुझी भावजय क्रांती सकाळीच अंगणवाडीत नोकरीवर जाते, लेकीचं, अंकिताचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष, आणि दुधाचा भाव तर असा चढला की मी गुपचूप दूध पावडरीची पिशवी आणली. पहाडातल्या चौकीवर मी वर्षानुवर्षं पावडरीचाच चहा प्यायलोय, तेव्हा ती कशी वागवायची ते मला कळतं. आधी कोमट पाण्यात कालवायची, नाहीतर गुठळ्या होतात. चहा जमला म्हणून दही लावलं, दही लागलं म्हणून कढी केली, कढी खपली म्हणून शेवयांची खीर. खीर खाऊन क्रांती म्हणाली, "आज गवळ्यानं दूध बरं दिलंय." मी मान हलवली. तेव्हापासून ती काही चाखायला लागली की मी पिशवी डब्यामागं सारतो.

आता मुख्य गोष्ट. रविवारी अंकिताला बघायला कोरेगावचे पाहुणे आले होते. मुलगा विश्वजीत पतसंस्थेत आहे आणि अंकिताला आधीपासून माहीत आहे (कसा, ते मी विचारलं नाही). त्याचे वडील लालासाहेब पंचवीस वर्षं दूध संकलन केंद्र चालवतात. नुसत्या वासावरून दुधातलं पाणी सांगतात म्हणे. म्हणून मी म्हशीचं चांगलं तीन लिटर दूध आणलं, पातेल्यात ओतलं, आणि ते फाटलं. आदल्या दिवशीचं दही त्याच पातेल्यात होतं, आणि मी ते नीट घासलं नव्हतं. पाहुण्यांची गाडी तेवढ्यात दारात. मी पावडरीची अख्खी पिशवी रिकामी करून तिचीच बासुंदी केली. वरून वेलदोडा जरा जास्तच घातला.

लालासाहेबांनी पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटून बसले. आक्का, माझे हातपाय गार पडले. चौकीवर गोळीबारातही इतके पडले नव्हते.

"पाव्हणं," ते म्हणाले, "दूध कुणाचं हाय?"

खरं सांगायला हवं होतं. पण दाराआडून अंकिता बघत होती. "घरच्या म्हशीचं," मी म्हणालो.

"लय दाट हाय. म्हस दावा की."

परड्यात आता क्रांतीची स्कूटी असते. मी म्हणालो, म्हैस इथं नसते, आमच्या पाहुण्यांकडं गावी असते, दूध सकाळच्या रेल्वेनं येतं. क्रांतीच्या हातातला ट्रे हलला. लालासाहेबांनी आणखी दोन वाट्या खाल्ल्या, डबा भरून घेतला आणि "कळवतो" म्हणून गेले. त्या एका शब्दावर दोन दिवस काढतोय. क्रांती आता चहासुद्धा स्वतःच करून घेते. अंकिता म्हणाली, "पप्पा, असं खोटं सांगून लग्न जमलं तर मी तिथं कुठल्या तोंडानं नांदू?"

असो. मन मोकळं करायला दुसरं कोण आहे? दाजींना नमस्कार.

तुझा
नाथाजी

ता. क. : आत्ताच फोन आला. मुलगी पसंत आहे. फक्त बैठकीआधी लालासाहेबांना म्हैस बघायची आहे. पाहुण्यांकडं म्हणजे कुणाकडं, असं त्यांनी त्या दिवशीच विचारलं होतं, आणि माझ्या तोंडून तुझं नाव गेलं. अजून पंधरा दिवस आहेत. तुझ्या घरामागं राहणाऱ्या आप्पासाहेबांची म्हैस एका दिवसापुरती तुझ्या अंगणात बांधता येईल का? लांब शिंगांची, कपाळावर पांढरा चांद, असं मी सांगून बसलोय. चांद नसेल तर दाजींना जरा चुना लावायला सांग. नाव गंगी. आत्तापासून हाक मारत जा, म्हणजे तिला सवय होईल.

ता. क. २ : पाकीट चिकटवताना अंकितानं पत्र वाचलं. तिनं विश्वजीतला रविवारीच सगळं सांगितलं होतं. त्याचं उत्तर आज आलं, म्हणाला, आमच्या घरचं सगळं दूध केंद्रावर जातं, आई सहा वर्षं पावडरीवरच घर चालवते, आणि बाबांना पत्ता नाही. विहीणबाईंचा निरोप आहे, "त्यांना कळू देऊ नका. दुधातली पारख म्हणून चार माणसांत मान हाय त्यांचा." तेव्हा आता मी एकटा खोटा नाही, दोन्ही घरं आहेत, आणि मुलगी हसली. जिवाला तेवढाच आधार. म्हैस मात्र लागणारच. शक्यतो दुभती बघ, धार ते स्वतः काढणार आहेत.