निवट्यांचं कालवण

प्रिय गोजरा,

परवा तू दिवाळे गावाहून डबा घेऊन आलीस. माझ्या आवडीचं, तिथल्या खाडीच्या चिखलात मिळणाऱ्या निवट्यांचं कालवण होतं, आणि मी म्हटलं, "वास मारतोय." रोज ताजी मच्छी विकणाऱ्या नणंदेला मी हे म्हटलं. तू झाकण लावलंस. "वयनी, पुस्तकां वाचून नाक पन बदललं का गो तुजा?" असं म्हणून चहा न घेता गेलीस. आता फोन उचलत नाहीस. मला वयनी म्हणणारं तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

वास नव्हता. मागच्या वर्षी तुझ्या दादाच्या अस्थी आपण त्याच खाडीत सोडल्या. तू रडत होतीस आणि मी वाचलेलं सांगत होते, की माणूस संपत नाही, पाण्यात, चिखलात, जिवाजिवात मिसळतो. आपण आणि हे विश्व वेगळे नाही. सोसायटीतल्या बायकांनाही मी तेच ऐकवते. त्या मला शहाणी समजतात. तू डबा उघडलास आणि ते शहाणपण घशात अडकलं. त्या चिखलातले निवटे मी कशी खाणार होते? हे सांगायची लाज वाटली, म्हणून तुझ्या मच्छीला नाव ठेवलं.

याहून लाजेची गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्यामुळे हे पत्र तुला देता येणार नाही. त्या कालवणात तुझा दादा असेल, याची भीती कमी होती. तो नसेल, नुसते निवटे असतील आणि मला नेहमीसारखे चवदार लागतील, याची जास्त होती.

तुझी वयनी,
मथुरा