हेमांगीच्या नावाची खोली

१३ जुलै २०००, गुरुवार

दत्तप्रसाद सुट्टीवरून आला. इथे कुवेतला, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत ह्यांच्या हाताखाली फिटर आहे, कणकवलीकडचा. सासूबाईंनी नाशिकहून मुंबईला पोचतं केलेलं सामान त्याच्या बॅगेतून आलं —

गोडा मसाला १ किलो — घरचा.
मेतकूट अर्धा किलो — घरचं.
वाती २ पुड्या — १६ रु.
अष्टगंध — १२ रु.
नातीच्या, जुईलीच्या, परकर-पोलक्याचं कापड — १४० रु. महागच! आणि ती घालणार नाही ते वेगळं.

वजनाचे पैसे त्यानं घेतले नाहीत. "वहिनी, ता काय वजन आसा?" म्हणे. जेवायला थांबवलं. तीन वेळा आमटी घेतली पोरानं.

आणि एक पाकीट. वर टाइप केलेलं — सौ. हेमांगी जयप्रकाश पिंगळे, पंचवटी, नाशिक. मागे पेन्सिलीनं सासूबाईंचं अक्षर : कमल, तुझ्याकडेच ठेव. जयूला दाखवू नकोस.

हेमांगी म्हणजे ह्यांची पहिली. नव्वद साली इराकचं सैन्य घुसलं आणि इथून सगळे पळाले तेव्हा जॉर्डनच्या सरहद्दीवर, तंबूत, तापानं गेली. तिथेच वाळूत पुरलं म्हणतात. मी ब्याण्णव साली तिच्या जागेवर आले.

पाकीट फोडलं नाही. देवघराच्या खणात ठेवलंय. वर तिचा टाक आहे — सासूबाईंनी लग्नाच्या दिवशीच हातात दिला होता, चांदीचा, पिंपळपानाएवढा. रोज देवांबरोबर तिलाही आंघोळ. नाक-डोळे झिजून गेलेत पण बघते. मला वाटतं बघते.

१५ जुलै

फोडलं. दुसऱ्याचं पत्र फोडू नये, पण मेलेल्या माणसाचं कोण फोडणार मग?

मिरजेचं उमा-निवास, मुलींचं वसतिगृह. कॉलेजात असताना ती तिथे राहायची. मामीच्या घरी वाढलेली, आईबाप नाहीत. सासूबाई म्हणायच्या, तिचं माहेर म्हणजे ते वसतिगृहच. साठ वर्षांची इमारत, छप्पर गळतं, न्हाणीघरं पडायला आलीत. जुन्या मुलींनी हातभार लावावा. कुवेतसाठी संपर्क — सौ. चारुशीला बर्वे, एगैला. खाली फोन.

म्हटलं, निदान यादीतून नाव तरी काढायला सांगावं. नाहीतर दरवर्षी असं पाकीट येत राहील. हे ड्यूटीवर गेल्यावर फोन लावला.

"हेमांगी पिंगळे? आमची हेमांगी कुलकर्णी? इथे कुवेतला? अगं बाई, आणि मला पत्ता नाही!"

म्हटलं, त्या वारल्या. दहा वर्षं झाली. मी त्यांच्या जागेवर आलेली.

त्या पलीकडे रडायला लागल्या. मी रिसीव्हर धरून उभी. तिच्यासाठी कोणी रडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी आठ वर्षं टाक घासते, पण रडले कधी नाही.

२० जुलै

चारुशीलाताई घरी येऊन गेल्या. शाळेत शिकवतात, बॉबकट, गाडी स्वतः चालवतात. बोलणं पुण्याचं, थांबत नाही.

हेमांगी त्यांच्या पुढे दोन वर्षं. खोली नंबर सहा. निरोपाच्या दिवशी प्रत्येक मुलगी नाव घातलेलं एक भांडं वसतिगृहाला देई. सगळ्यांनी वाट्या, पेले दिले. हिनं पिंप दिलं! "म्हणाली, मी परत येणार, तेव्हा आंघोळीला लागेल. अशी चावट होती हो."

मला चावट माहीत नव्हती. मला ओले केस मोकळे सोडून मागे उभी असलेली माहीत आहे. ती ह्या घरात कधी राहिली नाही. तेव्हा हे साल्मियात होते, महबूल्याची जागा माझ्या वेळची. तरी तिला सगळं ठाऊक आहे. भाताला पाणी मापताना मागे येते. भर दुपारी. एसीची घरघर थांबली की जास्त कळते.

जाताना म्हणाल्या, "कमलताई, तुम्ही हिशोब ठेवता ना? मग आमची खजिनदार व्हा. आम्ही सगळ्या शिकलेल्या, पण बेरीज कोणाचीच जुळत नाही!"

मी मॅट्रिक. वसतिगृहाची पायरीसुद्धा पाहिलेली नाही. तरी हो म्हटलं.

१८ ऑगस्ट

दिवस राहिले आहेत. कोणालाही सांगितलेलं नाही.

जुईलीनंतर दोन गेली. दोन्ही पाचव्या महिन्यात.

२० ऑगस्ट

सासूबाईंना फोन केला, तीन मिनिटं. त्यांना न सांगून चालत नाही. त्या म्हणाल्या, गुरुजींना आधीच विचारलंय — पहिलीची वासना अडकली आहे. तिला मूल झालं नाही, म्हणून तुझं राहू देत नाही. तिच्या नावानं काहीतरी टिकेल असं करा. अन्नदान नको, टिकेल असं.

फोन ठेवला आणि कळलं काय करायचं ते. वसतिगृहाच्या एका खोलीला शंभर दिनार. देणाऱ्यानं सांगितलेल्या नावाची संगमरवरी पाटी. सहा नंबर अजून कोणी घेतलेली नाही.

सप्टेंबरात माझी भिशी लागते — शंभरच. वॉशिंग मशीनसाठी धरले होते. हातानं धुवीन.

३१ ऑगस्ट

उद्या गणपती. निधीसाठी पुरणपोळ्या आणि मोदकांच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. पहाटेपासून उभी. चारुशीलाताईंची पहिली पोळी कुवेतच्या नकाशासारखी झाली. "ही मी विकत घेते," म्हणाल्या. हसून हसून पोट दुखलं. लगेच भ्याले, पोट धरून बसले.

सगळं गेलं. जमा ८६ दिनार ५०० फिल्स. डाळ, गूळ, गॅस वजा जाता ७१.

ह्यांना आज सांगितलं, पैसे कशाचे आणि वसतिगृह कुठलं. हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं.  मग — "तुला कोणी सांगितलं हे उकरायला?"

म्हटलं, तिच्या नावाची पाटी लावायची आहे. पोटातल्यासाठी.

"पाटी नाही लावायची. गुप्तदान कर हवं तर. नाव नाही."

आणि ताट सरकवून उठले. आमटी ओट्यापर्यंत गेली. जुईली म्हणाली, "आई, इट्स ओके, आय विल क्लीन." सात वर्षांची आहे.

अजून किती दुःख आहे ह्यांना तिचं! मी पुसत होते आणि मला तिचा हेवा वाटला. मेलेल्या बाईचा. देवा, क्षमा कर.

२१ सप्टेंबर, अविधवा नवमी

दरवर्षीप्रमाणे हे आज जादा ड्यूटीवर. ह्या दिवशी कधी घरी थांबले नाहीत. गुरुजीही नाहीत, जे होतं ते मीच करते — स्वयंपाक, नैवेद्य, आणि तिच्या नावानं एक सवाष्ण.

यंदा सवाष्ण म्हणून चारुशीलाताईंनाच बोलावलं. पाय धुतले तर संकोचून गेल्या — "अहो कमलताई, मी नास्तिक आहे हो!" म्हटलं, तुम्ही असाल, त्या नव्हत्या. पाटावर बसवून वाढलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी. हिरवी साडी, बांगड्या, ओटी. जेवताना मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "ह्या चटणीवर तिनं आख्खा भात संपवला असता." मग डोळे पुसत सगळं ताट साफ केलं.

घास बाल्कनीच्या कठड्यावर ठेवला होता. इथे कावळे नाहीत. दरवर्षी साळुंकी येते, तिलाच मी कावळा मानते. आज कोणी शिवलं नाही. समोरच्या गच्चीवर साळुंक्या बसलेल्या, कबुतरं फिरत होती, घासाकडे कोणी बघितलंही नाही. हात जोडून मोठ्यांदा म्हटलं — पाटी लावते, शब्द देते, घास घे.

संध्याकाळपर्यंत भातावर धूळ बसली.

२२ सप्टेंबर

घास तसाच.

१० ऑक्टोबर

फाहाहीलला जाऊन एक्सचेंजमधून पैसे पाठवले. निधीचे एकूण ६४० दिनार. त्यात माझे शंभर, खोली नं. ६ साठी. पाटीचा मजकूर चारुशीलाताईंनी फॅक्स केला — "कै. सौ. हेमांगी पिंगळे यांच्या स्मरणार्थ. — कमल." आडनाव माझंही तेच म्हणून पुन्हा घातलं नाही.

ह्यांना सांगितलेलं नाही. लग्नानंतर पहिलंच खोटं.

ह्यांनी काल माझा आणि जुईलीचा पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात नेऊन ठेवला. "घराला आग लागली तर?" काळजीचा स्वभाव आहे.

५ डिसेंबर

पाटी बसली, मिरजेहून फोन होता. पाचवा सरत आला. काही दुखत नाही. टाकाला आज दुधानं आंघोळ घातली.

२३ डिसेंबर

चारुशीलाताई ईदच्या सुट्टीत मिरजेला निघाल्या. उद्घाटन आहे, जुन्या मुली जमणार. माझ्याकडून सहा नंबरच्या उंबऱ्यावर हळदकुंकू वाहायला सांगितलं. नास्तिक असूनसुद्धा हो म्हणाल्या.

सहावा चालू आहे. बाळ हलतं.

११ जानेवारी २००१

चारुशीलाताई दुपारी आल्या. आधी फोन केला नाही. दारातच विचारलं, "जयप्रकाशराव घरी नाहीत ना?"

बसल्या. पाणी प्यायल्या नाहीत. मग एका दमात सांगितलं, ते जसं आठवतं तसं लिहिते.

उद्घाटनाच्या दिवशी सगळ्याजणी खोल्या बघत फिरत होत्या. सहा नंबरसमोर एक बाई उभी. केस अर्धे पांढरे, खांद्याला शबनम. पाटी वाचली आणि हसायला लागली. इतकी हसली की दोघींनी धरून बाकावर बसवली. म्हणाली, "माझ्याच खोलीला माझीच पाटी! आणि वर कैलासवासी! जिवंतपणी माझ्यासाठी एवढं कोणी केलं नव्हतं."

"कमलताई, ती हेमांगी होती. मी हात लावून पाहिलं. अहो, मी तिचं श्राद्ध जेवले!"

बेळगावला असते. शाळेत शिकवते. माहेरचं नाव लावते, एकटी राहते. तंबूत ताप आला होता हे खरं, पण बरी झाली. अम्मानच्या विमानतळावर ह्यांना म्हणाली — तुम्ही त्या रांगेत जा, मी ह्या रांगेत जाते, घरी सांगा मी वारले. "आणि त्यांनी ऐकलं. नऊ वर्षांच्या संसारात माझं ऐकलेलं तेवढं एकच."

का गेली विचारलं, तर सांगेना. फक्त म्हणाली, "ती कमल कोण? बरी आहे ना ती?" दोनदा विचारलं म्हणे. पत्ता लिहून दिला.

मी ऐकताना चहा गाळत होते. तो सगळा ओट्यावर गेला, कप शेजारीच होता.

त्या गेल्यावर भात लावला. पाणी मापताना मागे कोणी नव्हतं. आठ वर्षांत पहिल्यांदा मी स्वयंपाकघरात एकटी. असं भ्याले, असं भ्याले की दार उघडं टाकून जिन्यात जाऊन बसले.

ती जिवंत आहे. ती बेळगावला मुलांना शिकवते. मग माझी दोन कोणी नेली?

१२ जानेवारी

आज टाक धुतला नाही. जिवंत बाईला आपण कोण आंघोळ घालणार? फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवला.

जेवताना ह्यांना सहज म्हटलं, चारुशीलाताई मिरजेहून आल्या.

घास हातात तसाच राहिला. "काय म्हणाल्या?"

"छप्पर छान झालंय म्हणे."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

माझ्याकडे बघत राहिले. मी ताकात मीठ ढवळत होते. मग एक पोळी जास्त मागितली. कधी मागत नाहीत.

आठ वर्षं मी ह्यांच्या गप्प बसण्याला दुःख म्हणत आले. पुन्हा बघितलं त्या तोंडाकडे. दुःख मला दिसलं नाही. काय दिसलं ते लिहिता येत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

पत्र टाकलं. नक्कल —

ती. हेमांगीताईंस, कमलचा नमस्कार. मी बरी आहे, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एक मुलगी आहे, दुसरं वाटेवर, सहावा चालू आहे. तुम्ही जिवंत आहात हे माझ्या तोंडून कोणाला कळणार नाही. तुम्हाला वारलेलंच राहायचं असेल तर राहा, माझी हरकत नाही. पण एक तुमच्याशिवाय कोणाला विचारता येत नाही. माझी दोन पाचव्यात गेली. मी तो आळ तुमच्यावर घातला, क्षमा असावी. तुमचीही गेली होती का? आणि कशानं गेली? उत्तर चारुशीलाताईंच्या शाळेच्या टपालपेटीवर घालावं, आमच्या पेटीची किल्ली ह्यांच्याकडे असते. सातवा सरायच्या आत, उलट टपाली कळवावं; पुढे विमानात घेत नाहीत.