सव्वाचारचा तुकडा

शुक्रवार, १८ फेब्रुवारी १९९४

किळस आलीय नुसती. साहेबांची तर आलीच, पण...

कामगारांच्या माहितीपत्रकाचा आमचा प्रोग्राम सात तुकड्यांचा. एकेक तुकडा वेगळा कंपाइल करायचा, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवायचा, मग सगळे जोडायचे. विद्यापीठाचं नाव एकाच तुकड्यात आहे. गेल्या महिन्यात नामविस्तार झाला, म्हणून ते मी सकाळीच बदललं होतं. संध्याकाळी स्टोअरच्या कांबळेबाईंचं पत्रक छापलं, तर पदवीपुढं जुनंच नाव!

"जोडताना जुना तुकडा आला असेल," साहेब म्हणाले. "एवढं काय त्यात?"

कांबळेबाईंनी कागदावरच्या जुन्या नावावर बोट ठेवलं. "नव्या नावापायी माझ्या भावानं लाठ्या खाल्ल्या, ताई. मशीनला काय ठाऊक म्हणा."

मशीनला नाय ठाऊक, पण मशीन वेळ लिहून ठेवतं. मी पडद्यावर यादी काढली. जुना तुकडा असता तर तारीखही जुनी असती. पण त्या तुकड्यापुढं आजचीच तारीख, सव्वाचारची वेळ. म्हणजे आज कुणीतरी नवं नाव खोडून जुनं टाइप केलं, पुन्हा कंपाइल केलं. सव्वाचारला मी चहाला गेले होते. खोलीत एकटे साहेब होते.

तेवढ्यात साहेबांनीच बाईंसमोर विचारलं, "जुनाच तुकडा ना?"

सव्वाचार डोळ्यांसमोर दिसत होते. मी म्हणले, "व्हय साहेब, जुनाच."