शनिवारचा खोकला

प्रिय अब्बा,

घरात आपण दखनी बोलायचो, पण तुम्ही चौथीपर्यंत शिकलात ते मराठी शाळेत, आणि मलाही तिथंच घातलंत. म्हणून मराठीत लिहितेय. तुम्ही गेलात त्याला दीड वर्ष झालं. एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही. आज सकाळी मात्र आमच्या मागच्या गल्लीतून कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज आला. चीनमध्ये, अब्बा! हातातला चहा तसाच ठेवून मी खाली पळाले.

हे शहर तुम्हाला फोनवर मी लई दाखवलं. काचेच्या इमारती, जमिनीखालून जाणारी रेल्वे, भाजीच्या गाडीवर पैसे द्यायला चिकटवलेला कोड. तुम्ही म्हणायचात, "लातूरबी असंच होऊन राहिलंय बेटा, आपल्या गल्लीत फरशा बसवल्या."

ही मागची गल्ली मात्र कधी दाखवली नाही. सकाळी इथं लोक बुटक्या स्टुलांवर बसून वाफाळत्या शेवया खातात. न्हाव्यानं भिंतीला आरसा टांगलाय. झाडाखाली म्हातारे पत्ते कुटतात आणि त्यांच्या पायांना घासून जेवण पोचवणाऱ्यांच्या स्कूटर जातात. आपल्या गल्लीसारखीच गल्ली आहे. पोरगी डॉक्टर व्हायला चीनला गेली आणि असल्याच गल्लीला लागून राहते, हे दाखवायची मला लाज वाटली. रूममेटला मी सांगितलं होतं, वडिलांचा फर्निचरचा धंदा आहे. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं ना?

पिंजणारे चाचा सत्तरीचे असतील. तुमची धनुकली छताच्या दोरीला लटकायची, यांची पाठीला बांधलेल्या बांबूला लटकते. बाकी सगळं तेच. भुवयांवर तसाच पांढरा कापूस. मागच्या भिंतीवर लाल रंगानं गोल काढून आत एक अक्षर लिहिलंय. म्हणजे ही गल्ली पाडणार. भाजीवाली बाई खूश होती, तिला लिफ्टवालं घर मिळणार आहे. चाचा म्हणाले, "नव्या इमारतीत कापूस उडवू देत नाहीत." मग त्यांना खोकल्याची उबळ आली आणि ते बांबूसकट वाकले.

मी मोडक्यातोडक्या चिनी भाषेत विचारलं, जास्त कधी होतं? ते म्हणाले, सुट्टी घेतली की दुसऱ्या दिवशी.

मी तिथंच कट्ट्यावर बसले.

अब्बा, तिसऱ्या वर्षाला आम्हाला हा प्रश्न आला होता. कापसाच्या धुळीनं फुफ्फुसं खराब होतात त्याची लक्षणं लिहा. मी लिहिलं होतं, सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, खोकला वाढतो, मग आठवडाभरात उतरतो. सरांनी वर्गात माझा पेपर वाचून दाखवला. आणि मला तुम्ही आठवला नाहीत. एकदासुद्धा नाही.

जुम्म्याला तुमचं दुकान बंद. शनिवारी माझा तास नसायचा, म्हणून आपला फोन शनिवारचा. दर शनिवारी तुम्ही खोकायचात. हिवाळ्यात म्हणायचात, "थंडी हाय बेटा." उन्हाळ्यात म्हणायचात, "कूलरची हवा बाधली, दुसरं काय न्हाई." आणि मी म्हणायचे, गरम पाणी प्या. एवढी परदेशात शिकायला गेलेली पोरगी, आणि सांगते काय, तर गरम पाणी प्या! ते तर शेजारच्या खालाही सांगत होत्या.

राग तुमचाही येतो. अम्मीनं नंतर सांगितलं, शनिवारी तुम्हाला दुकानाच्या दोन पायऱ्या चढवायच्या नाहीत, दाराची चौकट धरून उभे राहायचात. मला का नाही सांगितलं? डॉक्टर होणाऱ्या पोरीपासून कुणी दुखणं लपवतं का? अम्मी असंही म्हणाली की माझ्या फोनआधी तुम्ही मिशा, भुवया साबणानं धुवून बसायचात.

ते माझ्यामुळं. पहिल्याच वर्षी मी म्हटलं होतं, अब्बा, रूममेट बघते, जरा तोंड धुवून बसत जा. तुम्ही हसून "हाव" म्हणालात आणि शेवटपर्यंत पाळलंत. अब्बा, तो कापूस दिसत राहिला असता तर कदाचित मला कळलं असतं. कदाचित नसतंही कळलं. पण तो मीच पुसायला लावला, हे काही माझ्या मनातून जात नाही.

तुम्ही गेल्याचा भाईचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात होते. तिकीट मिळेपर्यंत तुम्हाला माती दिली होती. मग मी आलेच नाही. परीक्षा आहे म्हणाले. खरं तर तुमच्याशिवायचं दुकान बघायची हिंमत नव्हती.

आज चाचांना मी माझा मास्क दिला. त्यांनी तो लावला, धनुकलीवर दोन ठोके मारले आणि हनुवटीखाली ओढला. तुम्ही तोंडावरचा रुमाल ओढायचात तसाच. गल्ली पाडल्यावर ते कुठं जाणार, त्यांनाही माहीत नाही.

वर येऊन भाईला फोन लावला. तुमच्या मागं दुकान त्यानंच धरलंय. आता पिंजायचं मशीन आहे, पत्र्याची खोली आहे, खिडकी नाही. मी विचारलं, काय करून राहिलास? बोलता बोलता तो खोकला. म्हणाला, "कूलरची हवा बाधली गं, दुसरं काय न्हाई."

अब्बा, आज शनिवार आहे.

मी त्याला गरम पाणी प्यायला सांगितलं नाही. म्हटलं, मशीन बंद कर आणि कॅमेरा लाव, तोंड न धुता. त्याच्या भुवया पांढऱ्या होत्या. तपासायला जा म्हटलं, तर म्हणतो, "दुकान कोण बघंल? तू?"

हाव, मीच बघीन. या सुट्टीत येतेय. आधी तुमच्या कबरीवर नाही, आधी दुकानात येईन. मशीनचा खटका माझ्या हातानं पाडीन, भाईला छाती तपासायला नेईन आणि पत्र्याला खिडकी पाडून घेईन. तो शिव्या देईल, खाईन. तुमचा शनिवार मी त्याच्यावर येऊ देणार नाही. मग तुमच्याकडं येईन, तोंड न धुता.

तुमची,
पिंजाऱ्याची शबाना