आणखी दोन टक

हॉल्व्हर, नॉर्थ डकोटा
२८ सप्टेंबर

प्रिय आर्लन,

जमलं! दोनशे काडतुसं, सकाळची कडाक्याची थंडी, आणि रायफल एकदासुद्धा अडकली नाही. हात अजून काळे आहेत, तेल पुसायलाही थांबले नाही, म्हणून कागदाच्या कोपऱ्यावर हा डाग. ताडपत्रीवर रिकाम्या पुंगळ्यांचा असा नेटका ढीग पडला होता की मी खुळ्यासारखी हसत सुटले. नेमबाजी क्लबचा गॉर्डी हॉगलंड तिथेच कॉफी पीत उभा होता. तो म्हणाला, "मार्लिस, तू हसतेस? कुणाला तरी बोलाव, फोटो काढू दे." तीन वर्षांनी तुला पत्र लिहितेय आणि सुरुवात बंदुकीपासून. पण माझी दुसरी कुठली सुरुवात तुला खरी वाटली नसती.

आधी कामाचं सांगून टाकते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी जोडीची नेमबाजी स्पर्धा आहे. नावं त्याच्या आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत द्यायची आहेत. माझं दिलंय. जोडीदाराच्या जागी तुझं द्यायचं मनात आहे, आणि तू हो म्हटल्याशिवाय देणार नाही. गॉर्डी म्हणाला, "तो टूसॉनचं ऊन सोडून इथे कशाला मरायला येईल?" मी म्हटलं, विचारायला पैसे पडत नाहीत. तू येशील की नाही हे मला खरंच माहीत नाही, आणि या एका गोष्टीपायी आठवडाभर जेवणावर लक्ष नाही.

ही रायफल लिनेल ब्रुस्कीची. तुला ती माहीत नसेल. तू गेल्यानंतर ती आपल्या भागाची टपालवाली झाली. चणीने लहान, जेमतेम पन्नास किलोची, पण जीभ मात्र आपल्या आईसारखी. जानेवारीत आली आणि म्हणाली, "मला दुकानातली नको. तू बनव, माझ्या मापाची." मग काय, सुट्या भागांवर अख्खा हिवाळा गेला. नळी मी स्वतः बसवली, दस्ता तिच्या हाताच्या लांबीला कापला. ऑगस्टमध्ये खडीच्या खाणीत गॅस जुळवायला गेलो तेव्हा तिने विचारलं, "हे गॅस गॅस काय लावलंयस? ही बंदूक आहे की शेगडी?" मी तिला समजावलं, की गोळी सुटली की तिच्यामागचा थोडा गॅस वरच्या बारीक भोकातून मागे येतो, बोल्टला, म्हणजे आतल्या सरकत्या दांड्याला, ढकलतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि नवं काडतूस आत घेतो. गॅस जास्त झाला तर रायफल खांद्यावर लाथ मारते. कमी पडला तर बोल्ट अर्ध्या वाटेतून परत येतो आणि सगळं अडकतं. ते ठरवतो तो हा एवढासा स्क्रू. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या नवऱ्यासारखंच. जास्त बोलला तरी त्रास, गप्प बसला तरी त्रास."

तू मला शिकवलंस तसंच केलं. मॅगझिनमध्ये एकच काडतूस. स्क्रू पूर्ण बंद करून झाडली, बोल्ट मागे थांबला नाही. टक असा आवाज येईपर्यंत एक घर फिरवला, एक टक उघडला, पुन्हा झाडली. पाचव्या टकला बोल्ट मागे जाऊन थांबला, म्हणजे गॅस जेमतेम पुरेसा झाला. तू म्हणायचास, तिथून आणखी दोन टक उघडायचे, कारण बंदूक मळते आणि डकोटात थंडी पडते. आर्लन, मी त्या दोनांपैकी एकावरच थांबले. त्या जागी ती इतकी मऊ चालत होती की काय सांगू! कुणीतरी खांद्यावर हात ठेवावा, बस्स. आपल्या सगळ्या क्लबात एवढी मऊ रायफल कुणाची नाही, या विचाराने मी रात्री जेवताना एकटीच गुणगुणत होते.

या मंगळवारी लिनेल सकाळी आली. गवतावर गोठलेलं पांढरं दव पडलं होतं. तिसऱ्याच गोळीला अडकली. मी घेतली, दहा झाडल्या, सुरळीत. तिने घेतली, पुन्हा अडकली. माझ्या खांद्याचा भक्कम आधार मिळाला की रायफल कशीबशी चालायची, तिच्या खांद्यावर आणि त्या थंडीत नाही. आणि माझ्या तोंडून विचार करायच्या आत काय निघालं असेल? "काडतुसं कुठली आणलीस?" ती म्हणाली, "तुझ्याच डब्यातली. मार्लिस, ही रायफल तू माझ्यासाठी बनवलीस की लोकांना दाखवायला?"

  किल्ली काढली आणि स्क्रू उघडला, आणखी दोन टक. खांद्याला थोडा जास्त बसतो धक्का, पण लिनेल म्हणाली, "अगं, टपालाच्या गाडीचं दार यापेक्षा जोरात लागतं." आज ती दोनशेची दोनशे झाडून निघून गेली, उरलेलं टपाल वाटायला. पुढच्या वर्षी जोडीत उतरणार म्हणते.

बाकी गावात विशेष नाही. चर्चच्या तळघरात आता नवी शेगडी आलीय, त्यामुळे स्पर्धेच्या सकाळच्या पॅनकेकना करपट वास येत नाही. तू विकलेलं काडतुसं भरायचं यंत्र अजून गॉर्डीकडेच आहे. त्याला ते नीट चालवता येत नाही. मागे एकदा म्हणाला, "आर्लन दारूचं एकेक माप दोनदोनदा तोलायचा, मला तेवढा धीर नाही." मी तेव्हा विषय बदलला. मी बराच काळ विषय बदलत आलेय.

आता लिहिते, नाहीतर पुन्हा फाडून टाकीन. तीन वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी निशाणाच्या नवव्या पाटीवर तुझी, मीच बनवून दिलेली रायफल अडकली आणि आपण एका पाटीने हरलो. सगळ्यांसमोर मी म्हटलं, याने काडतुसांत दारू कमी भरली असणार.  तुला ते खरंच वाटलं, आर्लन, मला तुझ्या चेहऱ्यावर दिसलं. त्याच आठवड्यात तू यंत्र विकलंस आणि महिन्याभरात गाव सोडलंस. खरं असं आहे, की आदल्या दुपारी थंडीसाठी म्हणून तू स्क्रू दोन टक उघडून ठेवला होतास, आणि त्या सकाळी तू पॅनकेकच्या रांगेत असताना मी माझ्या गाडीत बसून ते दोन्ही परत बंद केले. स्पर्धेनंतर गॉर्डी आणि इतर ती झाडून बघणार होते, आणि मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं की मार्लिसच्या हातची रायफल किती मऊ. अडकली त्याच क्षणी मला कळलं होतं. आज हे पत्र पेटीत टाकून मी थेट क्लबात जाणार आहे आणि तेव्हा जे जे होते त्या सगळ्यांना हे सांगणार आहे, तू आलास तरी आणि नाही आलास तरी. तुझी काडतुसं चांगली होती. एकूण एक.

अजूनही तुझीच बहीण, तू म्हणशील तर,
मार्लिस