हा शेवट कुणी केला?

प्रिय घाई,

तुझं पाकीट येऊन बरेच दिवस झाले. अंक मिळाला, त्यावर लावलेली चिठ्ठीही मिळाली, ‘वाच आणि मोकळेपणानं कळव.’ मागाहून तुझा फोन आला तेव्हा घसा बसलाय म्हणून मी दोन वाक्यांत आटोपतं घेतलं. घसा ठणठणीत होता. दुखत होतं ते पोटात. कथास्पर्धेत तुला पहिलं बक्षीस मिळालं आणि माझ्या पोटात दुखलं, हे तुझ्यापासून काय लपवायचं? शेजारणीला मी हसतमुखानं अंक दाखवला, ‘माझी मैत्रीण’ म्हणून मिरवलंसुद्धा, आणि दार लावल्यावर तोच अंक भांड्यांच्या कपाटावर भिरकावला. मग स्टूल घेऊन परत काढला, कारण वाचायचा तर होताच.

तर मोकळेपणानं कळवते. सुरुवात अशी झालीय की मी उभ्याउभ्याच वाचत राहिले. ‘तिनं आधी कुलूप विकत घेतलं आणि मग घर शोधायला निघाली.’ हे वाक्य तुझं. हजारात ओळखीन. पुढचं ते घरमालकांचे नखरे, खोल्या बघत हिंडणं, प्रत्येक खोलीत गेल्यावर तिनं पर्समधलं कुलूप हळूच चाचपणं, तेही तुझंच. तिथपर्यंत मला त्रास झाला तो नेहमीचाच, म्हणजे ‘मेलीला सुचतं कसं’ इतपत. खरा त्रास शेवटच्या पानावर झाला, त्याच्याकडे येते. मला शेवटाकडे सावकाशच यायला आवडतं, हे तुला ठाऊक आहे.

हे सगळं कुठून सुरू झालं, ते आठवतं ना? गणवेश शिवायचा आपला कारखाना, ती लांबलचक खोली, मधोमध तुझं कटिंगचं टेबल आणि पार दाराशी माझी तुरपाईची खुर्ची. कापड पहिल्यांदा तुझ्या हातात यायचं आणि सगळ्यांच्या हातांतून फिरून अखेर माझ्याकडे, तुरपाईला आणि काज-बटणाला. जेवणाच्या सुट्टीत तू नमुन्यांच्या खाकी कागदाचे उरलेले तुकडे घेऊन गोष्टी लिहायचीस. लिहायचीस म्हणजे सुरू करायचीस. चार ओळी झाल्या की तुला कंटाळा, की लगेच दुसरा तुकडा, दुसरी गोष्ट. तुझी ती अर्धवट माणसं केराच्या टोपलीत जाताना मला बघवायची नाहीत. एकदा मी एक तुकडा उचलला आणि उरल्या जागेत गोष्ट संपवून टाकली. तुकडा मुंढ्याचा होता, काखेच्या गोलाईनं निमुळता होत गेलेला. शेवटाला जागा अशी नव्हतीच, दोन शब्दांत उरकावं लागलं. तू वाचलंस आणि तोंडातला घास तसाच ठेवून माझ्याकडे बघत बसलीस. तेव्हापासून तू घाई आणि मी शेपूट. कारखाना बंद झाला, तू मुलाकडे लांबच्या शहरात राहायला गेलीस, तरी तुझ्या सुरुवाती पोस्टानं येत राहिल्या आणि मी वरचं पान तुझं म्हणून सोडून, खालून शेवट लावून पाठवत राहिले. घरात कुणी विचारलं, काय करतेस, तर मी म्हणायचे, तुरपाई.

मासिकाच्या स्पर्धेला दर वर्षी आपण दोघींच्या नावानं पाठवायचो. एकदा उत्तेजनार्थ मिळालं, प्रमाणपत्र कुणाच्या भिंतीवर लागणार यावरून आठवडाभर अबोला झाला, आणि ते तुझ्याच भिंतीवर गेलं, हे मी विसरलेले नाही. यंदा त्यांनी नवा नियम काढला. कथा, ललित लेख, कविता असे तीन विभाग, हव्या त्या विभागात पाठवा, पण एका लेखनाला एकच नाव. मला वाटलं, तू म्हणशील, असल्या स्पर्धेत आपल्याला भागच घ्यायचा नाही. आणि तू किती सहज म्हणालीस, ‘मग यंदा आपापलं बघू या गं.’ आपापलं बघू! जशा काही आपण दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेल्या दोन अनोळखी बायका.

मीही ठरवलं, दाखवतेच हिला. तिन्ही विभागांत पाठवलं. कविता दोन ओळींची झाली, कारण मला शेवटच्या दोनच ओळी सुचल्या. ललित लेख आपल्या कारखान्यावर लिहिला. दाराला टाळं लागतं तिथे तो सुरू होतो आणि टाळं लागल्यामुळे लगेच संपतो. कथेची तर मजाच झाली. मासिकाच्या ऑफिसातून एका गृहस्थांचा फोन आला, फार अदबीनं बोलले. म्हणाले, ‘बाई, तुमच्या कथेचं पहिलं पान कोरं आलंय, चुकून राहिलं का?’ मी कपाळावर हात मारला. इतक्या वर्षांची सवय, हातानं आपोआप पहिलं पान तुझ्यासाठी सोडलेलं, आणि मी ते तसंच पाकिटात घालून टाकून आले! असली चूक जगात दुसरं कोण करील? त्या भल्या माणसाला काय सांगणार, म्हटलं, हो, राहिलं चुकून. मुदत आहे तोवर लिहून पाठवा म्हणाले. मी त्या कोऱ्या पानासमोर बसून बसून पाठीला रग लावून घेतली, पण एक ओळ उमटेल तर शपथ.

म्हणून तुझी गोष्ट वाचताना मला एकच आशा होती. हिची सुरुवात झकास असेल, पण शेवट फसलेला असेल. तू एकटी असलीस की शेवटाला कुणाला तरी आजारी पाडतेस, नाहीतर गाडीत बसवून देतेस. इथे मी पान उलटलं आणि वाचलं. तिला खोली मिळते. सामान अजून यायचंय. ती आपलं कुलूप लावून बाजारातून केरसुणी घेऊन येते, आणि आत कुणी नाही हे माहीत असताना स्वतःच्याच बंद दारावर टकटक करते. जरा थांबते, घराला सावरायला वेळ द्यावा तशी. मग कुलूप काढते.

बस. संपली गोष्ट. मी खाली बसले.

हा शेवट तुझा नाही, घाई. तू टकटक करून थांबणारी बाईच नव्हेस, तू दार ढकलून आत. आणि माझा तर नव्हेच. नवऱ्याच्या खिशात परका रुमाल सापडावा तसं झालं मला. एकटीनं लिहायचं ठरलं होतं ना? मग एकटीनं लिहायचं होतंस, आणि पाडायचं होतंस कुणाला तरी आजारी! बक्षिसाचं काय, ते मी गिळलं असतं. पण तू माझ्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला तरी बसवलंस. मी एकेकावर संशय घेऊ लागले. तुझ्या घरचे भाऊजी पेपरात हवामानाखेरीज काही वाचत नाहीत, ते सुटले. तुझी सून तुला ‘छान आहे आई’ यापलीकडे काही म्हणत नाही, तीही सुटली. राहिल्या त्या लायब्ररीवाल्या बाई, ज्यांचं तू हल्ली फोनवर उठता-बसता कौतुक करतेस. दोन-तीन दिवस मी त्या माउलीला पाण्यात पाहिलं. मनातल्या मनात त्यांची साडी, त्यांचा चष्मा, त्यांचं अक्षर, सगळ्याला नावं ठेवून झाली. बिचारीला उचक्या लागल्या असतील.

आणि मग भांडी घासताना एकदम लक्षात आलं. नळ तसाच चालू राहिला.

माझी लेक लहान होती तेव्हा ह्यांची नोकरी फिरतीची. तिला पाळणाघरातून घेऊन मी घरी यायचे तर दाराला आपलंच कुलूप. ही मला किल्ली लावू द्यायची नाही. आधी टकटक करायची, कान लावून उभी राहायची, म्हणायची, ‘थांब, घर दचकेल.’ रोज. पाऊस असो, हातात पिशव्या असोत, मी आपली थांबायचे. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. मी माझं सगळं तुला सांगितलं, सासूचं, पगाराचं, ऑपरेशनचं, पण हे नाही. का, ते ऐक आणि हस. मी ते एका शेवटासाठी राखून ठेवलं होतं. तुझी एखादी सुरुवात त्या तोडीची आली की लावायचं, असं मनात होतं. तुझ्या कितीतरी सुरुवाती आल्या, मी दर वेळी म्हटलं, अजून नको.

तरी खात्री करावी म्हणून लेकीला फोन केला. ती तुझ्याच शहरात, चष्म्यांच्या दुकानात दिवसभर लोकांना वरची ओळ वाचा, खालची ओळ वाचा करते, आणि सुट्टीच्या दिवशी तुझ्याकडे जेवायला येते. ‘पोरीकडे लक्ष ठेव’ म्हणून मीच तुला सांगितलं होतं. ठेवलंस हो लक्ष! मी आडून विचारलं, मावशीला पहिलं बक्षीस मिळालं, वाचलीस का गोष्ट? ती म्हणाली, ‘हो, बरी आहे.’ मग माझ्या पाठीचं, गोळ्यांचं विचारत बसली, ताकास तूर लागू दिली नाही. पण मी समजले. मावशीच्या पहिल्या बक्षिसाच्या गोष्टीला कुणी नुसतं ‘बरी आहे’ म्हणतं का? आमच्या घरात स्वतःच्या हातच्या कामालाच तेवढं ‘बरं आहे’ म्हणायची पद्धत आहे. माझ्या तुरपाईचं कुणी कौतुक केलं की मी तेच म्हणायचे, तिनं ते ऐकतच तर फ्रॉक घातले.

आता माझी गंमत बघ. तुझा हेवा वाटतो, कारण माझ्या लेकीनं लिहिलेलं तू वाचलंस. किती दिवस वाचतेस, देव जाणे. जेवणं झाल्यावर ती तुझ्या त्या खिडकीपाशी बसून वाचून दाखवत असेल आणि तू पाय वर घेऊन ऐकत असशील, हे चित्र मला जेवू देत नाही. आणि लेकीचाही हेवा वाटतो, कारण तू शेवट तिच्याकडून करून घेतलास. आपलेच दात आणि आपलेच ओठ. रागाच्या भरात मासिकाला कळवावं असंही मनात आलं, की बाबांनो, तुमच्या एका नावाच्या कथेत दोन हात आहेत. पत्ता काढून ठेवला होता. मग वाटलं, त्यांनी विचारलं तर दुसऱ्या हाताचं नाव मलाच सांगावं लागेल, आणि माझ्या पोरीचं पहिलं छापलेलं वाक्य मीच खोडायला लावीन. तो कागद फाडला.

शिवाय ते दार तिचंच की गं. मी नुसती पिशव्या धरून मागे उभी होते. आणि खरं सांगायचं तर, मी लावला असता त्यापेक्षा तिनं तो बरा लावलाय. मी ‘घर दचकेल’ हे तिच्या तोंडून वदवलं असतं. तिनं ते गाळलं. हे मला सुचलं नसतं, आणि हे लिहितानाही माझ्या दातांखाली खडा आलाय.

ती मला का दाखवत नाही, ते तुला ठाऊक असेल. मला थोडंफार कळतं. पाहुण्याच्या बाहीचा टाका निघालेला दिसला तर त्याला बसवून सुई घेणारी मी. माझ्यापुढे उसवलेलं काही ठेवायची पोरीला धास्तीच वाटत असणार. तर आता ऐक, हे पत्र कशासाठी ते. दुकानाला रंग द्यायचाय म्हणून महिनाअखेरीला ती चार दिवस इकडे येतेय. येईल, माझ्या गोळ्या मोजील, फ्रीज पुसून देईल आणि काही न दाखवता परत जाईल, दर वेळेसारखी. तसं मला या वेळी होऊ द्यायचं नाही. पुढचं सगळं माझ्याकडे तयार आहे. मी गप्प कशी बसेन, सुईला हात कसा लावणार नाही, तिनं वाचून संपवल्यावर काय म्हणेन, अगदी तिला गाडीत बसवून देईपर्यंतचं. फक्त सुरुवात नाही. ती दारात उभी असेल, बहुतेक टकटक करून, आणि मी दार उघडीन, तेव्हा पहिलं वाक्य काय बोलू? तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, पण हे दुसऱ्या कुणाला विचारू? सोबत एक कोरा कागद घातलाय. त्यावर एकच ओळ लिहून उलट टपालानं पाठव. एरवी असतेस तशी घाई या वेळी खरंच कर.

रुसलेलं, तरी तुझंच,
शेपूट